सायकलीवरून उतरल्यावर

मागील अंकात आम्ही चातुर्मासातील आहाराविषयी लिहिले होते. त्यावर पुण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात की, त्यांचे चिरंजीव दर रविवारी पहाटे सायकल घेऊन बाहेर पडतात, चार तासांनी परत येतात, आणि घरात पाऊलही न टाकता तसेच धावावयास जातात. त्यानंतर जे अंथरुणावर पडतात ते दिवेलागणीस उठतात. हा व्यायाम म्हणावा की शिक्षा, आणि आईने यात काय करावे, असे त्या पुसतात. आम्ही पडलो संस्कृतचे मास्तर, आणि तेही सेवानिवृत्त. शर्यतींशी आमचा संबंध शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकण्यापुरताच. तथापि हाच प्रश्न आमच्या घरात, आमच्याच चुकीने, एकदा फार बिकट होऊन बसला होता. म्हणून उत्तर देण्याचे धाडस करितो.

ज्या घरांत हे वारे अद्याप शिरले नसेल त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द. ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालविणे व धावणे या तिन्ही गोष्टी एकामागून एक, मध्ये विसावा न घेता, करावयाची शर्यत. गोव्यास पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ सालापासून आयर्नमॅन ७०.३ या नावाची जी शर्यत भरू लागली, तीत १.९ किलोमीटर समुद्रात पोहावयाचे, ९० किलोमीटर सायकल मारावयाची आणि मग २१.१ किलोमीटर धावावयाचे. तिन्ही मिळून मैलांची बेरीज ७०.३ होते म्हणून हे नाव. सारे साडेआठ तासांत आटोपले पाहिजे. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट. पुण्याचे डॉ. कौस्तुभ राडकर यांनी ती दुप्पट शर्यत कित्येकदा पुरी केली आहे, व मिलिंद सोमण यांनी २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर असता ज्यूरिख येथे ती पार पाडली, हे पुष्कळांच्या वाचनात आले असेल. आता हे लोण आमच्या म्हसावदेपर्यंत आले आहे.

म्हसावद म्हणजे शहाद्याहून धडगावकडे जाताना सातपुड्याच्या पायथ्याशी लागणारे आमचे गाव. (जळगावाजवळचे रेल्वेचे म्हसावद निराळे, आमची पत्रे अधूनमधून तिकडची सफर करून येतात.) १९९८ च्या १ जुलैस धुळ्यापासून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून आम्ही नंदुरबारकर. दक्षिणेस शहादा व पुढे तापीकाठचे प्रकाशा येथवर सपाट काळी जमीन, केळी, पपई, ऊस. उत्तरेस राणीपूरच्या अंगाने तोरणमाळचा घाट. सायकल चालविणाराला सपाटी आणि चढ दोन्ही दाराशी मिळावेत असे गाव शोधूनही सापडणार नाही, असे आमचा पुतण्या म्हणतो. तो शहाद्यास नोकरी करितो. त्याचे वडील, म्हणजे आमचे वडील बंधू, आज नाहीत. घरात वहिनी, आम्ही उभयता, पुतण्या, सूनबाई आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी असा एकत्र संसार आहे.

गोव्याची शर्यत २०२४ साली २७ ऑक्टोबर रोजी होती. तीसाठी त्याने नाव नोंदविले, आणि सर्वांत लांब जोडसराव, म्हणजे सायकल व तिच्या पाठोपाठ धाव, २८ सप्टेंबरच्या शनिवारी ठेविला. चार आठवडे आधीचा हा दिवस हिशेबाने योग्यच होता. परंतु त्या दिवशी भाद्रपद वद्य एकादशी होती. पितृपक्षातील ही इंदिरा एकादशी. पितरांच्या उद्धारासाठी ती करितात. आदल्या रात्री तो पानावर बसला असता आम्ही सहज, किंबहुना थोड्या करड्या स्वराने, म्हणालो, "वडिलांसाठी वर्षातून एक दिवस उपास होत नाही का रे तुझ्याने?" तो काही बोलला नाही. पहाटे कपभर दूध घेऊन सायकलीवर बसला.

चार तास त्याने सायकल चालविली. सोबत नुसते पाणी होते, आणि ते मात्र तो भरपूर प्याला. परत आला तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. भाद्रपद सरतानाचे आमच्या खानदेशातील ऊन ज्यांनी सोसले आहे त्यांस ते सांगावयास नको. ओसरीवर जोडे बदलून तो शेताच्या वाटेने धावत सुटला. तासाभराने यावयाचा तो दीड तास झाला तरी येईना. शेवटी शेजारच्या शेतातील सालदाराने त्याला ट्रॅक्टरवर बसवून आणिले. बांधावरच्या निंबाखाली तो बसलेला आढळला होता, आणि आपले नाव सांगावयास त्याला वेळ लागला, असे तो सालदार म्हणाला.

दवाखान्यात सलाइन लागली, संध्याकाळपर्यंत तो पूर्ववत् झाला. डॉक्टरांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, अंगातली साखर संपली, घामावाटे मीठ गेले, आणि वर नुसते पाणी पिऊन उरलेले मीठही पातळ केले; हे आणखी अर्धा तास चालते तर प्रसंग निराळा होता. वहिनी आम्हांस एक अक्षर बोलल्या नाहीत. चार दिवस बोलल्या नाहीत. सर्वपित्री अमावास्येस पान वाढताना त्या एवढेच म्हणाल्या, "भावोजी, ज्यांच्यासाठी उपास, त्यांनी मुलाला उपाशी पिटाळले असते का?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. पुतण्याने ती शर्यत सोडली.

पुढे महिनाभराने आम्हीच त्याला म्हणालो की, पुन्हा जावयाचे असेल तर जा, पण या खेपेस बेत आमच्यासमक्ष आखावयाचा. तेव्हापासून या विषयाचे जे वाचन व जी वादावादी घरात झाली, तिचे सार पुण्याच्या भगिनींस कळवितो.

सायकलीवरून उतरताच धावू लागले की पाय आपले वाटत नाहीत. इंग्रजीत या सरावास ब्रिक, म्हणजे वीट, म्हणतात. पायांच्या विटा होतात म्हणून, असे बहुतेक सांगतात. कारण समजण्यासारखे आहे. सायकलीवर देहाचा भार बैठकीवर असतो, कंबर वाकलेली असते, आणि मांड्यांचे स्नायू आखडत आखडत पायडल दाबतात. धावताना तोच भार दर पावलाला एका पायावर येतो, आणि तेच स्नायू ताणले जात असता त्यांस तो झेलावा लागतो. शिवाय अंग तापलेले, भांडार अर्धे रिते. म्हणून त्याच वेगाने धावावयास ताज्या पायांपेक्षा अधिक श्रम पडतात. पहिले दोन-तीन किलोमीटर हा अवघडपणा राहतो, मग बहुधा ओसरतो. तो ओसरेपर्यंत पावले आखूड टाकावी, घाई करू नये, एवढे शिकण्यासाठीच हा जोडसराव आहे. आणि ते शिकावयास पंधरा-वीस मिनिटांची धावही पुरते. दर रविवारी तासभर धावून पाय मोडून घ्यावयाचे कारण नाही. आमच्या पुतण्यास हे पटावयास सर्वांत अधिक वेळ लागला, कारण तरुणांचा असा समज असतो की जे दुखत नाही ते लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. धाव बिघडते ती धावताना नव्हे, सायकलीवर. याचा दाखला या शर्यतीच्या जन्माइतका जुना आहे. पोहणारे, सायकलवाले आणि धावणारे यांत खरा दमदार कोण, या वादातून अमेरिकेच्या नौदलातील जॉन कॉलिन्स यांनी हवाई बेटांतील ओआहू येथे १९७८ च्या १८ फेब्रुवारीस पहिली आयर्नमॅन शर्यत भरविली. पंधरा जण उतरले, बारा पार पडले. सायकल संपली तेव्हा जॉन डनबार हा पुढे होता. पण धावताना त्याच्या साथीदारांजवळचे पाणी संपले, आणि त्यांनी त्याला चक्क बियर पाजली. मागून आलेल्या गॉर्डन हॅलरने त्याला गाठले व ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत शर्यत जिंकली. बियरचे वाचून वहिनींनी कपाळाला हात लाविला. आम्ही पुतण्यास म्हणालो, तुझे आणि याचे गोत्र एकच. फरक इतकाच की त्याच्याजवळ पाणी नव्हते आणि तुझ्याजवळ पाण्यावाचून काही नव्हते.

याकरिता आमच्या बेतात अन्नाचा हिशेब सर्वांच्या आधी येतो. मनुष्याच्या स्नायूंत व यकृतात मिळून साखरेचा साठा सुमारे चारशे ते पाचशे ग्रॅम असतो. अंगातील चरबी पुष्कळ जळते हे खरे, तरी कसून सायकल चालविणारा तीन-चार तासांत हा साठा तळाला नेतो. सबब इतक्या लांब सरावात दर तासाला तीसपासून साठ ग्रॅमपर्यंत साखर पोटात गेली पाहिजे. आमच्याकडे ती अशी जाते: अर्धा लिटर पाण्यात सहा-सात सपाट चमचे साखर, चिमूटभर मीठ, अर्ध्या लिंबाचा रस, हे सुमारे तीस ग्रॅम. त्यासोबत तासाला एक केळे, हे पंचवीस. केळ्याचा कंटाळा आल्यास चार-पाच खजूर किंवा राजगिऱ्याचे लाडू. भूक लागण्याची वाट पाहावयाची नाही. बैठकीवर बसल्यापासून दर वीस मिनिटांनी दोन घोट, एक घास. धावताना घास उतरत नाही, म्हणून धावण्याचे जेवण सायकलीवरच उरकावयाचे असते. ज्या दिवशी हे ध्यानात आले त्या दिवशी आम्हांस हसू आले नाही. कारण केळी, खजूर, राजगिरा, साखर, लिंबू, सैंधव यांतील एकही जिन्नस एकादशीस निषिद्ध नाही. आम्ही फराळाचे ताट पुढे केले असते तर पुरे झाले असते. आम्ही पुढे केले ते वडिलांचे नाव.

तथापि उपासाच्या दिवशी लांब सराव ठेवावयाचाच नाही, असे आता ठरले आहे. बेताचा कागद व पंचांग शेजारी ठेवून आम्ही बारा आठवडे आखतो. गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास असते, म्हणजे कठीण रविवार नेमके गणपती, पितृपक्ष व नवरात्र यांत येतात. श्राद्धतिथी, एकादश्या, घटस्थापना, अष्टमी यांवर आधी खुणा करावयाच्या, आणि मग उरलेल्या जागेत सायकल. पुतण्याने प्रथम याला नाक मुरडले. पण वर्गाचे वेळापत्रक करताना सुट्ट्या आधी मांडल्या नाहीत तर प्रकरण पुरे होत नाही, हे आम्ही आयुष्यभर पाहिले आहे.

लांबी मैलांत मोजीत नाही, वेळात मोजतो. कारण वारा, चढ आणि खड्डे यांनी मैल खोटे ठरतात, तास ठरत नाहीत. पहिल्या रविवारी दोन तास सायकल व पंधरा मिनिटे धाव. तीन आठवडे दर खेपेस पंधरा-वीस मिनिटांनी वाढ, चौथ्या आठवड्यात पुन्हा दीड तासावर उतरण. मग पुन्हा चढती. मधून एखाद्या रविवारी उलट मांडणी: सायकल दीडच तास, पण धाव सव्वा तास. दोन्ही एकाच दिवशी लांब, असे सहसा नाही. सर्वांत मोठा दिवस शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी, साडेतीन तास व पाऊण तास. आणि अखेरचे दोन आठवडे निम्म्याहून कमी. एखादा रविवार पाहुण्यांत वा तापात गेला तर तो गेला. चुकलेला पाठ पुढल्या रविवारी दुप्पट करून घेणारे मास्तर आम्ही पाहिले आहेत. मुले पाठही विसरतात आणि मास्तरांसही.

वेगाचा प्रश्न राहिला. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगितले आहे, आणि तेही बलवान व स्निग्ध अन्न खाणारांनी, थंडीत व वसंतात. इतर ऋतूंत याहून मंद. पुतण्याच्या मनगटावर नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ आहे, ते काही निराळे सांगत नाही. आमची कसोटी अशी की, पहिले दोन तास सायकलीवर रामरक्षा अडखळल्यावाचून म्हणता आली पाहिजे. शेवटचा अर्धा-पाऊण तास तेवढा शर्यतीच्या वेगाने. पहाटेच्या अंधारात, उसाच्या दोन भिंतींमधून रामरक्षा म्हणत जाणाऱ्या सायकलस्वाराची गावात थोडी थट्टा होते, तिला इलाज नाही. रात्री दिव्यावाचून उभे केलेले उसाचे ट्रेलर मात्र थट्टेचा विषय नव्हेत. म्हणून तो स्वतः पुढे-मागे दोन दिवे लावितो, आणि गळिताचा हंगाम सुरू झाला की अंधारात निघतच नाही.

शेताची वाट आता बंद. धाव घराभोवतीच्या आखूड फेऱ्यांत होते. एक फेरी सुमारे दहा मिनिटांची, आणि दर फेरीस तो ओसरीसमोरून जातो. तेथे वहिनी तांब्या घेऊन बसतात. त्यांना पाण्यापेक्षा त्याच्या तोंडाकडे पाहावयाचे असते. एकदा त्यांनी विचारले, "आज वार कोणता?" त्याने उत्तर द्यावयास क्षणभर उशीर केला, तशी त्यांनी तांब्या खाली ठेवून त्याचा दंडच धरला आणि धाव तेथेच संपविली. तो रागावला. आम्ही वहिनींच्या बाजूने होतो.

निघण्यापूर्वी व परतल्यावर वजन करणे ही एक सोपी परंतु बोलकी युक्ती आहे. प्रथम त्याचे ६४ किलो भरले आणि परतल्यावर ६१.८, म्हणजे दोन लिटरांहून अधिक पाणी गेले, शंभरास तीनाहून जास्त. शंभरास दोनाहून अधिक घट झाली की दम उतरू लागतो. उलट वजन वाढले तर नुसते पाणी अति झाले असे समजावे, आणि ते अधिक वाईट. दोन-तीन रविवारांत प्रत्येकाचे आपले माप कळते. दुसऱ्याचे माप उपयोगी पडत नाही.

उन्हाविषयी आमच्यात एकमत नाही. शर्यतीत धाव ऐन दुपारी येते, आणि गोव्याची हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, म्हणून उन्हातच सराव करावा असे पुतण्या म्हणतो. देहाला उष्म्याची सवय व्हावयास दहा ते चौदा दिवस लागतात, हे खरे. आमचे म्हणणे, ती सवय शेवटच्या पंधरवड्यात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सावकाश धावण्याने करावी. लांब जोडसराव मात्र नऊच्या आत संपलाच पाहिजे. तूर्त आमचे चालते.

आता पुण्याच्या भगिनींचा उरलेला प्रश्न: दिवेलागणीपर्यंतच्या झोपेचा. आमच्या घरी तो सूनबाईंनी काढिला. त्या म्हणाल्या, "काका, कागदावर चार तास लिहिले आहेत, पण माझा रविवार अख्खा जातो. जेवून झोपतात ते धरलेत का?" आम्ही धरले नव्हते. पुतण्यासही ते कधी सुचले नव्हते. हिशेब केला तेव्हा चार तासांच्या सरावाचे, तयारी, स्नान, जेवण व झोप मिळून दहा तास भरले. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सायकलशर्यत जोडीने पुरी केली, तेव्हा त्यांच्या मागे मोटारींतून साथीदारांचा ताफा होता. घरच्या घरी ही साथ कोण देते आणि कोणत्या मोलाने, हे आम्ही पुरुषमंडळी लिहीत नाही. आता कागदावर तिसरा रकाना आहे. परतल्यावर अर्ध्या तासात दूध-पोहे किंवा वरण-भात पोटात गेला पाहिजे, झोप एक तास, त्यानंतर मुलगी त्याच्याकडे. आणि महिन्यातील एक रविवार सूनबाईंचा, त्या दिवशी सायकल भिंतीलाच टेकलेली राहते. गंमत अशी की, वेळेवर खाऊ लागल्यापासून दिवेलागणीपर्यंतची ती झोप त्याला लागेनाशी झाली आहे. आपल्या चिरंजीवांची झोपही बहुधा श्रमाची नसून उपासमारीची असावी. सायकलीवरून उतरताना त्यांच्या बाटल्या व खिसे तेवढे तपासून पाहावे. खिशातील केळे जसेच्या तसे परत आले असेल, तर त्या दिवशी त्यांना धावू देऊ नये.

पुतण्याने पुन्हा नाव नोंदविले आहे. येत्या रविवारी साडेतीन तास व पाऊण तास आहेत. दशमी आहे, एकादशी सोमवारी. केळी शुक्रवारीच आणून ठेवा, म्हणजे रविवारपर्यंत पिकतील, असे वहिनींनी आम्हांस बजाविले आहे.